हवामान बदल लोकांना सांगताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत, ग्रामसभेत, सोसायटीच्या गच्चीवर किंवा तालुक्याच्या पेपरात हवामान बदलाविषयी बोलणाऱ्या-लिहिणाऱ्यांसाठी हे पान आहे. म्हणजे शिक्षक, कृषी सहायक, आशाताई, वार्ताहर, कॉलेजातले स्वयंसेवक. काही प्रश्न बोलणाऱ्यांचे आहेत, काही ऐकणाऱ्यांचे. ऐकणाऱ्यांचे अवघड असतात, म्हणून त्यांना जागाही जास्त दिली आहे.

सुरुवात कुठून करावी?

ध्रुवावरच्या अस्वलापासून नको, पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय हवामान करारापासूनही नको. समोर बसलेल्यांचा पाऊस, त्यांचं ऊन, त्यांचं पीक इथून करा. देवगड-रत्नागिरीत आंब्याचा मोहोर, नागपूर-अमरावतीकडे संत्र्याचा बहार, मराठवाड्यात सोयाबीन काढणीला येतं तेव्हा कोसळणारा पाऊस, मुंबईत लोकल बंद पडतात तो दिवस.

जाण्याआधी त्या महसूल मंडळाचे पावसाचे आकडे काढून न्या. महावेध या राज्याच्या हवामान-नोंद प्रकल्पाची स्वयंचलित केंद्रं मंडळपातळीवर आहेत, आणि पीक विम्यामुळे कितीतरी शेतकऱ्यांना ते आकडे तोंडपाठ असतात. आपल्या मंडळातलं केंद्र कुठे बसवलंय आणि तिथे पाऊस पडतो तेव्हा आपल्या शिवारात कसा पडत नाही, हेही ते सांगतील. ऐकून घ्या. पाऊस गावागणिक बदलतो हे त्यांना कुणी शिकवायला नको, आणि पुढचं बरंचसं बोलणं त्यावरच उभं राहणार आहे.

"उद्याचा पाऊस धड सांगता येत नाही आणि २०५० चं काय सांगता?"

हा प्रश्न प्रत्येक सभेत येतो, आणि विचारणारा बहुतेक वेळा गावातला हुशार माणूस असतो. त्याला गप्प करायला जाऊ नका. प्रश्न रास्त आहे.

आषाढी वारीतला एखादा वारकरी उद्या दुपारी बारा वाजता नेमका कुठे असेल, कुणी सांगू शकत नाही. चहाला थांबला असेल, मागे राहिला असेल, पुढच्या दिंडीत मिसळला असेल. पण पालखी कोणत्या तिथीला पंढरपुरात पोहोचणार हे आळंदी सोडायच्या आधी सांगता येतं. उद्याचा पाऊस सांगणं म्हणजे त्या एका वारकऱ्याचा माग काढणं. आजच्या हवेच्या स्थितीत बारीकशी चूक राहिली तरी ती काही दिवसांत इतकी वाढते की अंदाज निरुपयोगी होतो. तीस-चाळीस वर्षांची सरासरी मात्र वेगळ्या गोष्टींवर ठरते: सूर्याकडून किती उष्णता येते आणि त्यातली किती परत अवकाशात जाते.

ही परत जाणारी उष्णता अडवणारे वायू कोणते, हे जॉन टिंडल यांनी १८५९ मध्ये प्रयोगशाळेत दाखवलं. कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वी किती तापेल याचा हिशोब स्वांते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये कागदावर मांडला. तेव्हा संगणक नव्हते आणि हवामान बदलाचं राजकारणही नव्हतं. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत साधारण २८० भाग कार्बन डायऑक्साइड होता. हवाईतल्या मौना लोआवर १९५८ मध्ये रोजची मोजणी सुरू झाली तेव्हा तो ३१५ च्या आसपास होता. आता ४२० च्या वर आहे.

एवढं सांगून थांबा. सभेत दोन-तीन आकडे पुरतात. चौथ्या आकड्याला लोक घड्याळाकडे बघतात.

०.७ अंश वाढ म्हणजे काय मोठंसं?

भारताचं सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात साधारण ०.७ अंशांनी वाढलं, असं केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालात आहे. हे ऐकून लोक हसतात, कारण पहाट आणि दुपार यांतच पंधरा अंशांचा फरक असतो. शेवटच्या हिमयुगाच्या कडाक्यात जगाचं सरासरी तापमान कारखानदारीपूर्वीच्या काळापेक्षा ५ ते ७ अंशांनीच कमी होतं, आणि तेवढ्यात युरोप-अमेरिकेचे मोठे भाग बर्फाखाली होते, हे सांगितलं की हसू थांबतं. जगाची सरासरी आताच एक अंशाहून जास्त वर गेली आहे. २०२४ हे एकटं वर्ष तर दीड अंशाच्याही पुढे गेलं. (म्हणून "पॅरिसची मर्यादा मोडली" असा मथळा देऊ नका. पॅरिस करारातली ती दीड अंशाची मर्यादा अनेक वर्षांच्या सरासरीची आहे.)

"भारतात ९६ टक्के पाऊस" म्हणजे आमच्या गावात किती?

त्यावरून काहीच सांगता येत नाही. आणि नेमकं हेच वाक्य बातमीत नसतं.

२०१७ च्या जुलैमध्ये बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी हवामान खात्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. चांगल्या पावसाचा अंदाज ऐकून पेरण्या केल्या, पावसाने ओढ दिली, बी-बियाणं वाया गेलं. बियाणं आणि कीटकनाशकं विकणाऱ्यांशी खात्याचं संगनमत असल्याचा आरोपही त्यात होता. शहरात ही बातमी गंमत म्हणून वाचली गेली. मला ती विज्ञान सांगणाऱ्या सगळ्यांसाठी धडा वाटते. त्या वर्षी खात्याचा सुधारित अंदाज सरासरीच्या ९८ टक्क्यांचा होता आणि देशात ९५ टक्के पाऊस झाला. अंदाज थोडा कमी-जास्त होऊ शकतो म्हणून जी मर्यादा दिलेली असते, तिच्यात तो बसला. शेतकऱ्याचं नुकसानही खरंच झालं. दोन्ही खरं असू शकतं, कारण अंदाज अख्ख्या देशाचा आणि चार महिन्यांचा होता, तर पेरणी एका शिवारातली आणि एका आठवड्यातली.

हे टक्के दीर्घकालीन सरासरीचे असतात. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत देशात सरासरी ८७ सेंटिमीटर पाऊस पडतो. त्याच्या ९६ ते १०४ टक्क्यांना सामान्य, ९० ते ९५ ला सामान्यपेक्षा कमी, ९० च्या खाली गेलं की तूट. चेरापुंजीपासून जैसलमेरपर्यंत सगळं या एका आकड्यात कोंबलेलं असतं. पेरणीचा निर्णय त्यावर घ्यायचाच नसतो. त्यासाठी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्याशिवाय पेरू नका, हा कृषी विभागाचा जुना सल्ला आहे. शिवाय दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारी जिल्ह्याची कृषी हवामान पत्रिका आहे, आणि ती मेघदूत ॲपवर मराठीत मिळते.

२०२५ मध्ये हे पुन्हा दिसलं. मोसमी पाऊस २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला, नोंदींतला सगळ्यांत लवकर. सगळीकडे "मान्सून आला"चे मथळे. मग राज्यात बऱ्याच ठिकाणी तो रेंगाळला, आणि मथळ्यावर विसंबून पेरणी करणं धोक्याचं ठरलं.

तेव्हा कोणताही अंदाज सांगताना किंवा छापताना तीन गोष्टी त्याच वाक्यात घाला: कुठला भाग, कुठला काळ, किती खात्री. पुढच्या परिच्छेदात टाकलं तर ते कुणी वाचत नाही.

पिवळा, नारिंगी, लाल इशारा म्हणजे किती मिलिमीटर?

रंग मिलिमीटरचे नसतात, तयारीचे असतात. पिवळा: लक्ष ठेवा. नारिंगी: तयारीत राहा. लाल: कृती करा. मिलिमीटरची वर्गवारी वेगळी आहे: २४ तासांत ६४.५ पासून पुढे जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार, २०४.५ पासून अत्यंत जोरदार.

लाल इशारा दिला आणि आपल्याकडे ऊन पडलं, की "खातं पुन्हा चुकलं". अशा वेळी २६ जुलै २००५ ची आठवण द्या. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर, आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७५ च्याही आत. इशारा सगळ्या जिल्ह्यासाठी असतो. ढग जिल्ह्याची हद्द बघून कोसळत नाहीत.

नक्षत्रांचा पाऊस बिघडला, असं म्हातारी माणसं म्हणतात. त्यांना दुरुस्त करायचं का?

कशाला? मृग, आर्द्रा, हस्त ही सूर्याच्या स्थितीवरची कालगणना आहे. दर वर्षी ७-८ जूनच्या सुमारास सूर्य मृगात जातो. शेतकऱ्याची दिनदर्शिका ती आहे, तर बोलणंही तिच्यातच झालं पाहिजे. हवामान खात्यानेही २०२० मध्ये स्वतःच्या सामान्य तारखा बदलल्या. मुंबईतून मोसमी पाऊस परत जाण्याची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. "परतीचा पाऊस लांबलाय" हे पारावर आधीपासून बोललं जात होतं.

एवढं मात्र पाहा की आठवण आणि नोंद एक नसते. "आमच्या लहानपणी आठ-आठ दिवस झड लागायची" हे खरं असेल, पण लहानपणीची कोरडी वर्षं कुणी आठवत नाही. १९७२ चा दुष्काळ तेवढा आठवतो. तालुक्याची जुनी पर्जन्यनोंद समोर ठेवा आणि दोन्ही जुळवून बघा. हा सभेतला सगळ्यांत रंगणारा भाग असतो, असा माझा अनुभव आहे.

नक्षत्राचं वाहन बेडूक की उंदीर, त्यावरून पाऊस सांगणं ही दुसरी गोष्ट. तिची कालगणनेशी गल्लत करू नका.

आणि भेंडवळची घटमांडणी?

बुलढाणा जिल्ह्यात अक्षय्य तृतीयेला घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पावसाचं, पिकांचं भाकीत सांगतात. दर वर्षी त्याची बातमी होते. सभेत कुणी विचारलं तर टिंगल करू नका. टिंगल केलीत की उरलेला तास त्यातच जातो. भाकीत लिहून ठेवा म्हणावं, आणि दिवाळीत काढून बघा. "कुठे कमी, कुठे जास्त" हे कोणत्याही वर्षी खरं ठरतं. जे चूक ठरूच शकत नाही, त्यातून पेरणीला काही मदत होत नाही. मोबाइलवर खासगी अंदाज सांगणाऱ्यांनाही हीच कसोटी लावा, आणि हो, हवामान खात्यालाही. खात्याचे अंदाज आणि प्रत्यक्ष पाऊस दोन्ही प्रसिद्ध होतात, त्यामुळे ताळा करता येतो.

पाऊस कमी झालाय की जास्त? एकदा काय ते सांगा.

दोन्ही, आणि इथे बोलणारे गोंधळतात. वर सांगितलेल्या २०२० च्या अहवालानुसार १९५१ ते २०१५ या काळात देशातला मोसमी पाऊस साधारण ६ टक्क्यांनी घटला. गंगेचं खोरं आणि पश्चिम घाट इथे ही घट जास्त ठळक आहे. तापमान वाढलं तर पाऊस वाढायला हवा, मग घटला कसा? त्याचं एक मोठं कारण म्हणजे हवेतला धूर आणि सूक्ष्म कण. ते ऊन अडवतात, जमीन कमी तापते, मोसमी वाऱ्यांची ओढ कमी होते.

त्याच वेळी मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिमुसळधार पावसाच्या घटना १९५० ते २०१५ मध्ये तिपटीने वाढल्या. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये हे मांडलं. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. अरबी समुद्रही तापतोय.

म्हणजे सरासरी गाठली तरी ती कशी गाठली, ते विचारायचं. वीस दिवस कोरडे आणि मग दोन दिवसांत महिन्याचा पाऊस, हे कागदावर "सामान्य" दिसतं. कपाशीला आणि तुरीला ते सामान्य नसतं.

आलेला पूर हवामान बदलामुळेच आला, असं म्हणावं का?

"मुळेच" नको. २२ जुलै २०२१ च्या आसपास महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, चिपळूण बुडालं, महाडजवळ तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून जास्त माणसं गेली. असा पाऊस पडण्याची शक्यता तापलेल्या हवेत वाढते, हे म्हणता येतं. एखाद्या ठरावीक घटनेत ती किती वाढली, हे मोजण्याची पद्धतही आता आहे. २०१४ पासून काही शास्त्रज्ञांचे गट घटना घडल्यावर थोड्याच दिवसांत तसा अभ्यास करतात. अभ्यास झाला नसेल तर तसं सांगावं.

पण पावसाचा पूर होतो तो जमिनीवर. पूररेषेत बांधकाम कुणी होऊ दिलं, नदीतला गाळ, डोंगर कापून काढलेला रस्ता, धरणातून पाणी कधी सोडलं, लोकांना कधी कळवलं. हल्ली नाला तुंबला तरी कुणीतरी माइकवर "हे जागतिक हवामान बदलाचे परिणाम आहेत" म्हणून मोकळं होतं. वार्ताहरांनी अशा वेळी दुसरा प्रश्न विचारायलाच हवा. हवामान बदल माहीत असूनही नाला साफ केला नसेल, तर दोष दुप्पट होतो.

ढगफुटी हा शब्द कधी वापरावा?

एका तासात साधारण १०० मिलिमीटर पाऊस, तोही वीस-तीस चौरस किलोमीटरच्या लहानशा भागात. मोजमाप हाती नसेल तर "मुसळधार" पुरे.

उन्हाळ्यात फक्त तापमान सांगितलं तर चालेल का?

नाही, आणि ही चूक जीव घेते. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरला उघड्या मैदानावर झालेल्या शासकीय पुरस्कार सोहळ्यात उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. पारा ३८ च्या आसपास होता. चंद्रपूरच्या माणसाला हा आकडा थंड वाटेल. पण किनाऱ्यावर हवा दमट. घाम येतो, वाळत नाही, आणि वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. म्हणूनच उष्णतेच्या लाटेचा निकष मैदानी भागात ४० अंशांपासून, तर किनाऱ्यावर ३७ पासून सुरू होतो, आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त ही अटही सोबत असते.

म्हणून "आज ३८ अंश" एवढंच लिहू नका. दमटपणा लिहा, रात्रीचं तापमान लिहा. रात्र गार झाली नाही तर शरीराला उसंत मिळत नाही, पत्र्याच्या घरात तर नाहीच. आणि सूचना त्या माणसाला पाळता येईल अशी हवी. "दुपारी १२ ते ३ बाहेर पडू नका" हे ऊसतोड कामगाराला, रोजगार हमीवरच्या बाईला, डिलिव्हरीच्या पोराला सांगून काय उपयोग? ती सूचना मुकादमाला, ठेकेदाराला, कंपनीला द्यायची असते: कामाची वेळ पहाटे घ्या, सावली करा, पाणी ठेवा. अहमदाबादने २०१० च्या जीवघेण्या लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला, त्यात दवाखाने, महापालिका, कामगार अशा प्रत्येकाला वेगळा निरोप आहे. तो वाचण्यासारखा आहे.

"ओझोनला भोक पडलं म्हणून ऊन वाढलं ना?"

नाही. ओझोनचा थर अतिनील किरण अडवतो. तो विरळ झाला ते मुख्यतः फ्रिज-एसीतल्या जुन्या वायूंमुळे. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर ते वायू कमी झाले आणि थर सावरतोय. तापमानवाढ मुख्यतः कोळसा, तेल, वायू जाळल्याने होते. शाळेत दोन्ही धडे शेजारी-शेजारी येतात, त्यातून हा घोळ होत असावा.

"झाडं लावली की झालं", असं म्हणून विषय संपवतात. काय करावं?

झाडांना नावं ठेवू नका. सावली, ओल, पक्षी, सगळं खरं आहे. पण कोराडी-चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रांत जळणाऱ्या कोळशाचा हिशोब रोपट्यांनी फिटत नाही. शिवाय २०१९ च्या ३३ कोटी वृक्षलागवडीबद्दल बोलताना लोक स्वतःच विचारतात, "जगली किती?" तोच धागा पकडा आणि वीज, एसटी, सौर पंप यांच्याकडे बोलणं न्या.

"अमेरिकेने केलं, आम्ही का भोगायचं?"

आधी मान्य करा. भारतात माणशी वर्षाला साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो, अमेरिकेत चौदा-पंधरा टन. आणि भारतातही मलबार हिलवरच्या घरातला आणि मेळघाटातल्या पाड्यावरचा आकडा एक नाही. हा अन्याय तुम्ही स्वतःच बोलून दाखवलात तर लोक पुढचं ऐकतात. दडवलात तर तुम्ही परक्यांचे वकील ठरता.

"शास्त्रज्ञांनीच हिमालयाबद्दल थाप मारली होती."

चूक झाली होती. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक समितीच्या २००७ च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील असं छापलं गेलं. त्याला आधार नव्हता, आणि जानेवारी २०१० मध्ये ते मान्य केलं गेलं. हे तुम्हीच आधी सांगून टाका. हिमनद्या वितळताहेत हे मोजलेलं आहे. ती तारीख खोटी होती.

"मुंबई २०५० मध्ये बुडणार" हे सांगितलं तर लोक जागे होतील ना?

दोन दिवस होतील. २०१९ मध्ये एका अभ्यासाचा नकाशा गाजला. त्यात वर्षातून सरासरी एकदा येणाऱ्या किनारी पुराच्या पातळीपेक्षा खालची जमीन रंगवली होती. मथळ्यांत त्याचं "मुंबई पाण्याखाली" झालं. २०५० मध्ये मुंबई उभी असणार, आणि मग तुमच्या शब्दाची किंमत काय राहील? भरतीला मुसळधार पाऊस आला की कोणत्या गल्ल्यांत पाणी किती वेळ थांबतं, ते सांगा. त्यावर नगरसेवकाला जाब विचारता येतो.

कुटुंबाच्या ग्रुपवर खोटे फॉरवर्ड येतात. उत्तर द्यावं का?

दर वर्षी एक येतोच: पृथ्वी सूर्यापासून ६६ टक्के दूर जाणार, ऑगस्टपर्यंत थंडी, ताप, खोकला, काळजी घ्या. खरं असं की पृथ्वी जुलैच्या सुरुवातीला सूर्यापासून सर्वांत दूर असते, १५.२ कोटी किलोमीटर, आणि जानेवारीत सर्वांत जवळ, १४.७ कोटी. फरक जेमतेम तीन टक्के. ग्रुपवर चारचौघांत काकांना खोटं पाडू नका, ते दुसऱ्या दिवशी तेच आणखी दहा ठिकाणी पाठवतील. फोन करा. "काका, मागच्या वर्षीही हाच मेसेज आला होता, तारखा तेवढ्या बदलल्यात बघा" एवढं पुरतं.

शाळेत मुलांकडून काय करून घेता येईल?

पाऊस मोजून घ्या. सरळ उभ्या भिंतीचा, सपाट तळाचा डबा किंवा बरणी उघड्यावर ठेवा, झाड-छपरापासून लांब, शिंतोडे उडणार नाहीत इतक्या उंचीवर. बाटलीसारखं गळ्यापाशी निमुळतं भांडं नको, माप चुकतं. रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजा, वहीत लिहा, डबा रिकामा करा. हवामान खात्याचा दिवसही साडेआठलाच मोजला जातो, म्हणून मंडळाच्या आकड्याशी ताळा करता येतो. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर, एवढं कळलं की मुलं शाळेच्या छपरावरचं पाणी स्वतःच काढू लागतात. रविवारी आणि सुट्टीत कोण मोजणार ते आधी ठरवा, नाहीतर नेमके मोठ्या पावसाचे दिवस वहीत कोरे राहतात.